हिंगाची डबी आणि स्टाफरूममधला चोर

माझी धाकटी बहीण अमरावतीत एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. एका रविवारी ती अकोल्याला माझ्याकडे आली आणि चहाचा कप हातात धरून नुसतीच बसून राहिली.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"ताई, मले पागल समजू नको. पण आमचे सर आमचं सगळं ऐकून राह्यले."

सर म्हणजे क्लासचे संचालक. बायकांच्या स्टाफरूममध्ये सहा शिक्षिका बसत. तिथं दार लावून झालेलं बोलणं दुसऱ्या दिवशी संचालकांच्या तोंडी यायचं. एकीनं दुसरीकडे नोकरी बघायचं मनात आणलं, तर सकाळी तिचे तास काढून घेतलेले. गणिताच्या मॅडमनं सरांच्या चालण्याची नक्कल केली, तर पुढच्या मीटिंगमध्ये ते तिच्याकडे बघून म्हणाले, "मी चालतो कसा, जरा करून दाखवा ना."

"कोणी चुगली करत असंल," मी म्हटलं.

"आमाले बी तेच वाटलं. आता एकमेकींशी बोलतच नाही आमी. मुक्यानं डबा खातो."

आणि मग खाली बघत तिनं सांगितलं, की एक जण त्याच खोलीत आपल्या पाच महिन्यांच्या बाळाला पाजते.

मी अकोल्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून ती माझ्याकडे आली होती. मी मोठ्या रुबाबात छुपा कॅमेरा शोधणारं एक तयार यंत्र मागवलं आणि बहिणीला डबा द्यायच्या निमित्तानं त्या खोलीत गेले. भिंतीपाशी धरलं की पीं, टेबलापाशी धरलं की पीं. क्लासभर वायफाय, प्रत्येकीच्या पर्समध्ये मोबाइल. ते यंत्र बिचारं कशाकशाला ओरडणार! गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "याच्यापेक्षा आमचा कुकर बरा. कामापुरता तरी वाजते."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण बसमध्ये बसल्यावर मूर्तिजापूर येईपर्यंत डोळे भरून येत होते. सहा बायकांनी माझ्यावर भरवसा टाकला होता.

लहरी आहेत, एवढंच ते यंत्र सांगत होतं. त्या लहरींवर कोणतं चित्र स्वार झालंय, ते मला बघायचं होतं. आणि असलं चित्र उघडून दाखवणारी पेटी माझ्याच घरात होती. आमच्या बाबांचा केबलचा धंदा होता. गच्चीवरच्या मोठ्या छत्रीतून येणारी उपग्रहाची लहर ज्या रिसिव्हरमध्ये जाऊन टीव्हीवर चित्र व्हायची, तो जुना रिसिव्हर मी माळ्यावर जपून ठेवला होता. अडचण एकच. त्याची धाव दोन गिगाहर्ट्झच्या जरा वर संपते आणि हे छोटे कॅमेरे बहुतेकदा सहाच्या आसपास बोलतात.

बाबा सांगायचे, "आभाळातलं गाणं लय उंच पट्टीतलं. आपल्या पेटीले ते झेपत नाही. म्हणून छत्रीच्या तोंडाशी एक जण बसवला, तो तेच गाणं खालच्या पट्टीत गाऊन देते." त्या गाऊन देणाऱ्याला डाउनकन्व्हर्टर म्हणतात. मला माझ्या चोरासाठी तसाच एक बनवायचा होता.

तीन आठवडे लागले. अँटेना म्हणून हिंगाची रिकामी पत्र्याची डबी निघाली. तिचा घेर हव्या त्या लहरीला नेमका बसत होता. पण आतलं सर्किट तापलं की फ्रिक्वेन्सी सरकायची आणि हाती आलेलं चित्र निसटायचं. दोनदा मी सगळं उखडून पुन्हा जोडलं. शेवटी अॅल्युमिनियमच्या जाड पेटीत बसवलं, तेव्हा ते एका जागी थांबलं. गल्लीतल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्याच्या ड्रोनचा चिमुकला कॅमेरा मागून आणला आणि स्वयंपाकघरात ठेवला. पुढच्या खोलीत बसून बटण फिरवलं, तर पडद्यावर माझा गॅस, माझी कढई! नवरा म्हणाला, "भाजी लागून राह्यली, ते बी दिसून राह्यलं का?"

बुधवारी दुपारी मी पुन्हा अमरावतीला गेले. पिशवीत रिसिव्हर, डबी आणि गाडीत मागचं बघायला लावतात तो छोटा पडदा. सहाही जणी खोलीत होत्या. दार लावलं. मी एका हातानं डबी फिरवत होते, दुसऱ्या हातानं बटण. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग आडव्या रेघा. मग त्या रेघा थरथरत एकमेकींवर बसल्या आणि वरून दिसणारं एक टेबल आलं. टेबलावर डबे. डब्यांभोवती सहा डोकी. आणि पाठमोरी एक बाई, हातात हिंगाची डबी घेतलेली.

ती मी होते.

मी आवाजाचं बटण वाढवलं. बहीण पुटपुटली, "अगं माय!" आणि क्षणभरात पेटीतूनही तिच्याच आवाजात आलं, "अगं माय!"

"आता एकेक जण भिंतीकडे चाला," मी म्हटलं. गणिताच्या मॅडम उत्तरेच्या भिंतीकडे गेल्या तशा पडद्यावर मोठ्या मोठ्या होत गेल्या. तास संपल्याची घंटा वाजवणाऱ्या स्पीकरखाली उभं राहून त्यांनी मान वर केली, आणि पडदाभर त्यांचा चेहरा पसरला. लालबुंद.

"फोडते मी याले!"

"हात लावायचा नाही," मी ओरडले. "पोलिसांनीच काढायचा."

फोन केल्यावर दोन महिला पोलीस आणि त्यांच्या साहेब आल्या. संचालक धावत येऊन म्हणाले, "सुरक्षेसाठी आहे हो ते." साहेबांनी शांतपणे विचारलं, "मग यांना सांगितलं का नाही?" स्पीकर उघडला, आत वाटाण्याएवढी काच होती. तेच चित्र दाखवणारा दुसरा पडदा संचालकांच्या केबिनमध्ये, फायलींच्या कपाटात निघाला. पंचनामा होईपर्यंत सहाही जणी दारात उभ्या होत्या. बाळाची आई मधोमध, बाळ कडेवर. संचालकांना जिना उतरवून नेताना तिनं नजर खाली केली नाही. त्यांनी केली.

गुन्हा दाखल झाला. पालकांनी मुलं काढली. पुढच्या सत्रात सहाजणींनी स्वतःचा क्लास सुरू केला आणि पहिल्याच आठवड्यात बाकं कमी पडली. बहीण तिथं बोलते तेव्हा खालच्या दुकानात ऐकू जातं.

माझं यंत्र मुद्देमाल म्हणून जमा झालं. मी दुसरं बनवलं, आधीच्यापेक्षा हलकं आणि नेटकं. आता मुलींची वसतिगृहं बोलावतात, एकदा थेट डोंगरातल्या धारणीहून जीप आली होती. बहुतेक ठिकाणी काहीच सापडत नाही. खोलीचा कोपरा न् कोपरा तपासून झाला, की दाराशी ताटकळलेल्या मुलींना मी छातीठोकपणे सांगते, "काही नाही इथं. बिनधास्त राहा."