बाटलीबाईंची राजेळी

रोपाला मूळ फुटलं की आमच्या बाई थेट जिन्यात येऊन ओरडायच्या, "आलं रे आलं!" खालचे भाडेकरू आधी दचकायचे, मग पेढे मागायचे. पापडी गावातल्या घराच्या माडीवर बाईंची बाटल्यांत रोपं वाढवायची, टिश्यू कल्चरची छोटी लॅब होती आणि मी तिथे नोकरीला होते. सगळा गाव त्यांना बाटलीबाई म्हणायचा. कॉलेजातल्या 'प्राध्यापक' या बिरुदापेक्षा त्यांना हेच नाव जास्त आवडायचं.

कोंब वाढवण्याचं त्यांना मुळीच कौतुक नव्हतं. "पानं काय, कुणीही फोडेल! मूळ धरवून दाखवा," म्हणायच्या. सकाळी चहाच्याही आधी एकेक बाटली उचलून तिचा तळ बघायच्या. तेव्हा बोलायची सोय नव्हती.

वटार गावच्या दामूकाकांची राजेळी केळ आली आणि बाईंची झोप उडाली. काकांकडे पिढ्यान्‌पिढ्या याच केळ्यांची उन्हात वाळवून सुकेळी व्हायची. बागेत रोग शिरून एकच बेट उरलं होतं. त्याच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं लावावीत, तर रोगही सोबत यायचा. म्हणून बाईंनी पिल्लाच्या गाभ्यातला, रोग न पोचलेला, टाचणीच्या डोक्याएवढा कोंब काढून बाटलीत वाढवला. एकाचे कितीतरी झाले, पण मूळ एकालाही येईना! तेवढ्यात काकांचं बेटही वाळलं. आता त्यांची राजेळी उरली ती फक्त आमच्या बाटल्यांत.

"बाई, ही पन नाय जगली तं?" काका एवढंच म्हणाले.

बाईंनी कोंब फुटण्याचं औषध बंद केलं, मुळांचं घातलं आणि बाटलीतल्या खुराकाच्या जेलीत कोळशाची पूड कालवली. "मुळांना अंधार हवा. मातीत आहोत असं वाटू दे त्यांना!" काही दिवसांत पानं पिवळी पडू लागली. परत जुन्या जेलीत घालूया, म्हणून मी मागे लागले. बाई मात्र खुशीत होत्या. "लाड थांबले की हातपाय हलवतात!"

आणि एका सकाळी काचेला चिकटलेलं पांढरंशुभ्र मूळ दिसलं. बाई ओरडल्याच नाहीत. बाटली छातीशी धरून मटकन खाली बसल्या आणि घळाघळा रडल्या. मग तशाच रिक्षात बसून वटारला निघाल्या. वाटेत रिक्षावाल्यालाही मूळ दाखवून झालं!

रोपं वाफ्यात लागली, तरारली. पहिला घड मात्र बाईंना दिसला नाही. त्याआधीच त्या गेल्या.

परवा काकांनी बोलावलं. मी घडाकडे बघतच राहिले, तर काकांनी हाताला धरून मला बुंध्याशी नेलं. माती फोडून पिल्लं वर आली होती. एक अलगद खणून, मुळांसकट त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवलं.

"ह्याला आता बाटली नको, बाय."