फाटकावरची मालगाडी आणि नवरीची साडी

लग्नाची पत्रिका आली की लोक तारीख बघतात. मी नकाशा उघडला. माझी भाची प्रज्ञा, तिचं लग्न, आणि मांडव ताईच्या दारात, म्हणजे भंडारा जिल्ह्यात नाकाडोंगरीच्या अलीकडे. त्या गावाला खेटून तुमसर रोड ते तिरोडी ही रेल्वे लाइन जाते आणि तिच्यावरून मँगनीजच्या मालगाड्या धावतात. बायकोने विचारलं, लग्नाला चाललात की मालगाड्या बघायला? मी म्हटलं, दोन्ही. तिला रजा मिळाली नव्हती, म्हणून मी एकटाच निघालो. "नवरीचे मामा आहात तुम्ही, एवढं लक्षात असू द्या," हे तिने दारात तीनदा ऐकवलं.

मला मालगाड्यांचं वेड आहे. वेड म्हणजे अगदी वेडच. पॅसेंजर गाडीला वेळापत्रक असतं, त्यात कसली आली मजा? मालगाडी कधी येईल हे तिच्या ड्रायव्हरलाही धड माहीत नसतं. ती आली तर दिवस सोन्याचा, नाही आली तर वाट पाहण्याची मजा तरी फुकटात मिळते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढचं खाण्यापिण्याचं तेवढं वाचावं.

नागपूरहून गोंदियाकडे जाणारी मेमू पकडा, दीडेक तासात तुमसर रोड येतं. तिकीट स्टेशनबाहेरच्या चहा-पोह्यांपेक्षा फार महाग नाही. एक गोष्ट आधीच सांगतो, स्टेशन आहे देव्हाडीला आणि तुमसर गाव तिथून वेगळं, त्यामुळे 'तुमसरला उतरलो' म्हणून बाजार शोधत बसू नका, बाहेर ऑटो मिळते. मी मात्र बाहेर पडलोच नाही. तर्रीवाले पोहे घेतले, प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर बसकण मारली आणि दुपारभर मेन लाइन बघितली. कोळसा, सिमेंट, लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या, पुन्हा कोळसा. हिरवं डब्ल्यूएजी-नाइन इंजिन समोरून धडधडत गेलं की बाकही हलतो आणि तर्रीही हलते. शर्टावर सांडली, पण त्याचं दुःख नाही.

तिरोडीकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळ विचारूनच निघा. हुकली तर तुमसर बसस्टँडवरून नाकाडोंगरीकडे एसटी नाहीतर काळीपिवळी आहे. मला गाडी मिळाली. मिटेवानी मागे पडलं की दोन्ही बाजूंनी झाडी जवळ येते, आणि मोह फुलायचे दिवस असल्याने सगळ्या डब्यात गोडसर वास भरला होता. गोबरवाहीला भावजी मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं की आज इकडून दोन मालगाड्या गेल्या, तू हुकला. काय सांगू, जीव हळहळला.

दुसऱ्या दिवशी लग्न. सकाळी भावजींसोबत डोंगरीच्या मँगनीज खाणीच्या रस्त्याने फिरून आलो. खाणीच्या आत परवानगीशिवाय सोडत नाहीत, पण रस्त्यावरूनही साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळांवर, भरायला लागलेले उघडे डबे दिसतात. मँगनीज इतकं जड की डबा अर्धामुर्धा भरला की वजन पूर्ण होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कामचुकारपणा चाललाय. मी फोटो काढत होतो तेवढ्यात ताईचा फोन आला. नवरीची पांढरी साडी आणि तिचा ब्लाउज तुमसरच्या शिंप्याकडेच राहिले होते. ही साडी मामाकडची, म्हणजे माझी, म्हणून आणायचा मानही माझाच. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते आणि मुहूर्ताची भानगड नसते, पण लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांना दुपारी थेट पवनीला दुसऱ्या लग्नाला पोचायचं होतं. ते निघून गेले असते तर सगळंच अडलं असतं.

भावजींची मोटारसायकल काढली, तुमसर गाठलं, पिशवी हँडलला अडकवली आणि वेळेत परत फिरलो. गावाच्या फाटकापर्यंत पोचलो तेव्हा गेटमन फाटक पाडायच्या तयारीत होता. पलीकडे मांडवाचं कापड दिसत होतं, स्पीकर ऐकू येत होता. एक ॲक्सिलरेटर पिळायचा अवकाश. पण ऊन माझ्या पाठीशी होतं. ज्यांना मालगाडीचे फोटो काढायचं व्यसन आहे त्यांना कळेल. पलीकडून काढला असता तर उजेड तोंडावर, इंजिन काळं आलं असतं. मी थांबलो. गाडी आली, फोटो झकास आला. आणि मग गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि बरोबर फाटकावर अडवी उभी राहिली.

गेटमन म्हणाला, सुटतेच आता. पुढे साइडिंगवर दुसरी गाडी भरत होती, ती निघाल्याशिवाय हिला सिग्नल नव्हता. दुसरा रस्ता पुलाखालून होता, पण तो खोदून ठेवलेला. दहा-पंधरा माणसं जमली आणि एकेक करून डब्यांखालून वाकून पलीकडे जाऊ लागली. इथे हे रोजचंच आहे. ताईचा फोन आला.

"सगळे खालून येऊन राहिले, तूच काहून उभा आहेस?"

मी म्हटलं, "ताई, उभी मालगाडी सांगून हलत नाही. मी खालून येणार नाही."

ताईने मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. बौद्धाचार्यांनी घड्याळ बघायला सुरुवात केली होती म्हणे. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. एका फोटोपायी भाचीचं लग्न लटकवून ठेवणारा मामा मी, आणि माझी लाडकी मालगाडीच माझ्या छातीवर बसलेली. एकदा मनात आलंही, वाकावं, दोन पावलांचं तर काम आहे.

तेवढ्यात डब्यांच्या चाकांमधून पलीकडे पिवळी साडी दिसली. हळदीच्या अंगाने प्रज्ञाच फाटकावर आली होती. वाकून तिने मला शोधलं.

"मामा, तू तिथंच राय. मीच येतो खालून."

मी जन्मात कोणावर एवढा ओरडलो नसेन. "प्रज्ञा, एक पाऊल टाकलंस तर मी साडी घेऊन नागपूरले जातो. मंग लाव लग्न पिवळ्या साडीत."

ती तशीच वाकून बघत राहिली. मग मागे सरली. आणि थोड्याच वेळात, काही कल्पना नसताना, इंजिनाकडून खडाड खडाड करत धक्का आला आणि सगळे डबे हातभर मागे सरकले. चाकाजवळ पिशवी सरकवून वाकायला निघालेला एक म्हातारा जागीच खाली बसला. त्याच्या पिशवीवरून चाक गेलं होतं, आतल्या वांग्यांचा चेंदामेंदा झाला होता. त्यानंतर एकही माणूस खालून गेला नाही.

मग मी गेटमनच्या पाठीस लागलो. फाटक फार वेळ अडलं तर गाडी मधून तोडता येते, म्हणजे दोन डब्यांमधली जोडणी सोडता येते, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. एवढ्यासाठी कोण विचारतं, म्हणून तो टाळत होता. आता त्याने मुकाट्याने स्टेशनला फोन लावला. बऱ्याच वेळाने मागच्या डब्यापासून गार्ड घाम पुसत चालत आला. त्याने मागच्या डब्यांचे ब्रेक आवळले, हवेचे पाइप बंद केले, जोडणीचा दांडा उचलला आणि वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला सांगितलं. इंजिनाने पुढचे डबे सिग्नलपर्यंत थोडे ओढून नेले, आणि अख्खी मालगाडी माझ्या डोळ्यांसमोर मधून उघडली.

हे दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कॅमेरा गळ्यात होता. फाटक वर गेलं, मोटारसायकल ऐन वेळी किक घेईना, तर ती तिथेच टाकली आणि पिशवी डोक्यावर धरून पळत सुटलो. मागे वळूनही बघितलं नाही.

लग्न लागलं. पांढऱ्या साडीत प्रज्ञा अशी दिसत होती की बौद्धाचार्यांनी पवनीला फोन करून थोडा उशीर होईल म्हणून सांगितलं. पुरी, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी, भात तर इकडचा, त्याला तोड नाही. ताई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, पण गाडी पुन्हा जोडून उभी होती तोवर तिने गार्ड, ड्रायव्हर आणि गेटमनसाठी बुंदीसकट डबे पाठवले. रात्री कायले पाठवले विचारलं, तर म्हणाली, तेही वऱ्हाडीच की आपले.

नागपूरला आलो. मित्र विचारतात, गाडी तोडतानाचा व्हिडिओ दाखव. नाही म्हटलं की शिव्या घालतात. सुरुवातीला मलाही चुटपुट लागली होती. मागच्या आठवड्यात प्रज्ञाचा फोन आला. तिचं सासर देव्हाडीला, मेन लाइनच्या अगदी मागे. म्हणाली, दिवसभर मालगाड्या जातात, भांडी वाजतात, सासूबाईंना आवाज सहन होत नाही, गाडी आली की म्हणतात खिडकी लाव.

"मंग लावतेस का?" मी विचारलं.

"नाही लावत. म्हटलं, राहू द्या उघडी, माझा मामा येऊन राहिला."