नदीच्या तळाशी दोन ताटं

गंगापूर रोडवरच्या एका चित्रप्रदर्शनात मी दुपारचा शिरलो, तेव्हा तिथे एकच बाई होत्या. साठीच्या असाव्यात. एका मोठ्या चित्रासमोर उभ्या राहून त्या सारखा चष्मा पुसत होत्या. चित्रात नदीच्या तळाशी जेवणाचं टेबल होतं, त्यावर वाढलेली दोन ताटं, आणि एक रिकामी खुर्ची पाण्यातून वर तरंगत निघाली होती.

"याचा अर्थ काय हो असेल?" त्यांनी मला विचारलं.

"कुणीतरी कायमचं गेलंय," मी म्हणालो. "पाणी म्हणजे मागे राहिलेल्याचं दुःख असावं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला नाही तसं वाटत. गेलेल्या माणसाचं ताट कुणी वाढतं का? मी वाढते, म्हणून मुलगी रागावते. पण इथे बघा, दोन्ही ताटांतून वाफ येतेय. म्हणजे तो येणार आहे जेवायला. दिसतेय ना तुम्हाला?"

मी पुढे होऊन नीट पाहिलं. वाफ एकाच ताटातून निघत होती.

"हो," मी म्हणालो, "दोन्हीतून येतेय."

त्यांनी मान हलवली आणि चष्मा पर्समध्ये ठेवून दिला.