'गारगोटीला जा'

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, अजूनही फारसा नाही. वाटेतलं लिंबू-मिरची ओलांडून खुशाल पुढं जाणारी बाई मी. पण हे माझ्याच हातून घडलं... म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून. म्हणून सांगतेय.

२००६-०७ चा काळ. आमचं घर मंगळवार पेठेत. राजारामपुरीत मी मोबाईलसाठी प्रोग्रॅम लिहायचा क्लास लावला होता. 'अ‍ॅप' हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी ऐकलाही नव्हता. सरांनी सांगितलं, घरच्यांच्या उपयोगाचं काहीतरी करून आणा. माझे सासरे, मामंजी, जेवणाआधीची शुगरची गोळी हमखास विसरायचे. मी त्यांच्या फोनसाठी चाळीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. दुपारी एक वाजता बीप, आणि पडद्यावर 'गोळी घ्या'. फोनला मराठी येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत.

चार दिवस झकास चाललं. मामंजी शेजाऱ्यांना फोन दाखवत फिरायचे. "सुनेनं केलंय. मला हुकूम सोडती."

पाचव्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. बीप वाजला, आणि मामंजी फोन घेऊन स्वयंपाकघरात आले.

"हे काय लिवलंयस?"

पडद्यावर होतं – 'गारगोटीला जा'.

गारगोटीला मामंजींचे धाकटे भाऊ राहतात. दोघांचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. कारण काय, तर माझ्या नणंदेच्या लग्नात या काकांनी भर पंगतीत, व्याह्यांदेखत, "पांढरा रस्सा अळणी हाय" म्हणून सांगितलं.

"मी नाही लिहिलं, मामंजी."

"मग काय फोननं लिवलं? त्या धाकट्यानंच फितवलंय तुला. चल, त्याच्यासमोरच इचारतो."

गोळी आणि दोन भाकऱ्या पिशवीत टाकून मी मागोमाग निघाले. एसटीचा दीड तासाचा प्रवास. मामंजींनी गोळी तेवढी घेतली, तीही खिडकीकडं तोंड करून. मला वाटलं, आपला क्लास आजपासून बंद.

काकांचं पुढचं दार उघडंच होतं. काकू माहेरी गेलेल्या. आतून, न्हाणीघरातून, बारीक आवाज आला. "कोण हाय?"

मामंजी नुसते खाकरले.

आतून, "दादा?... सकाळपास्नं पडलोय. पाय हलंना. कडीला हात पुरत न्हाय."

"दार मोडतो."

"मोडू नगंस. सागवानी हाय."

"नऊ वर्सांनी आलोय. दाराचं कौतिक सांगू नगंस मला."

मामंजींनी खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला दारही आत गेलं आणि मामंजीही. "पायावर नगं, दादा," एवढंच ऐकू आलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नेताना रिक्षात मामंजींनी काकांचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं, आणि दार खरंच सागवानी होतं का, यावरून दोघं वाद घालत होते. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसून डोळे पुसत होते... हसून की रडून, ते सांगता येणार नाही.

परत आल्यावर फोन उघडला. पडद्यावर 'गोळी घ्या'. कॉम्प्युटरवरची फाईलही तीच, चाळीस ओळी. गारगोटी हा शब्द कुठंच नाही. सर म्हणाले, "गोळी, गारगोटी... दोन्हीत 'जी' हाय. मेमरीचा घोळ असंल." पण ते त्यांना स्वतःलाच पटलेलं दिसत नव्हतं.

पुढं परीक्षेला मी त्याच प्रोग्रॅमची प्रिंट दिली. सरांनी दोन मार्क कापले. शेरा – 'प्रोग्रॅम नेमून दिलेलं सोडून दुसरं काम करतो.'

"पण चूक कुठं आहे, सर?"

त्यांनी कागद पुन्हा घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि शेवटी चाळिसाव्या ओळीखालच्या कोऱ्या जागेभोवती लाल गोल केला.

"हितं कुठंतरी," म्हणाले.

तो कागद मी आजही जपून ठेवलाय. त्या गोलात मला अजून काही सापडलेलं नाही.