पौर्णिमेला अडकलेली ब्रिगेड

लेफ्टनंट राणे घोरायला लागला तेव्हा युद्ध सुरू होऊन सहा तास झाले होते. हे युद्धातले तास. घड्याळात म्हणाल तर आम्ही त्या टेबलाभोवती दोन दिवस बसलो होतो.

कर्नल शितोळ्यांनी आधी राणेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय हो देवस्थळी, हा मेला की झोपला?"

"झोपला, सर."

"नक्की? तुमच्या नियमांत बघा. असेल त्याचंही एखादं कोष्टक."

होतं. पान एकेचाळीस, 'श्रमाचा परिणाम'. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

ही गोष्ट किहीमची, स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी घडलेली. नारळाच्या वाडीतल्या एका भाड्याच्या बंगल्यात आमचा अधिकाऱ्यांचा सहा आठवड्यांचा कोर्स चालायचा. सकाळी लेक्चर, दुपारी लेक्चर, संध्याकाळी टेबल-टेनिस. मी तिथे इन्स्ट्रक्टर. वय तीस, हुद्दा कॅप्टन, आणि स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश. मीच कर्नलसाहेबांना म्हटलं होतं, लेक्चरं ऐकून कोणी सेनापती होत नाही. नकाशावर युद्ध खेळू द्या, खेळ मी तयार करतो. त्यांनी हो म्हटलं. मी टेबल-टेनिसचं जाळं काढलं आणि त्या टेबलावर अख्खा उत्तर कुलाबा जिल्हा रंगवला. तेव्हापासून नऊ अधिकाऱ्यांपैकी आठ जण माझ्याशी कामापुरतं बोलायचे. नववा राणे. त्याला टेबल-टेनिस येत नव्हतं.

खेळ कोणत्या पातळीचा ते सांगतो. समोरच्या बांधावरून गोळीबार होतोय, तो कसा थांबवायचा, ही झाली खालची पातळी. युद्ध करायचं की नाही, ही दिल्लीची. मधे एक पातळी असते. कोणती पलटण कुठल्या रस्त्याने, कोणत्या दिवशी पाठवायची, तिला दाणागोटा कुठून पोहोचवायचा, आणि ती पोहोचेपर्यंत शत्रू काय करत असेल. पलटण म्हणजे आठशेएक माणसं, तीन पलटणींची एक ब्रिगेड. हल्ली ह्या पातळीला ऑपरेशनल लेव्हल म्हणतात. आम्ही तेव्हा नुसतं 'मोठा नकाशा' म्हणायचो.

माझ्या खेळात लाल फौज नागावच्या किनाऱ्यावर उतरलेली होती. तिला पेण गाठायचं होतं. निळी फौज घाटावरून खाली येऊन तिला अडवणार. करवंट्यांचे तुकडे घासून, रंगवून सोंगट्या केल्या होत्या. इथवर सगळं छान होतं. मग मी नियम लिहायला बसलो.

चौसष्ट पानं झाली. खेचराच्या चाऱ्याचं कोष्टक, ओल्या रस्त्यावर ट्रकच्या वेगाचं कोष्टक, निरोप्याच्या सायकलीचं चाक पंक्चर होण्याचं कोष्टक. प्रत्येक पलटणीचं प्रत्येक तासाला गणित. मला वाटायचं, जितकं जास्त मोजू तितकं खरं होईल. परिणाम असा की युद्धाच्या एका दिवसाला आमचे आठ दिवस लागणार होते. शत्रू पेणला पोहोचेपर्यंत कोर्स संपून सगळे आपापल्या युनिटला गेले असते.

राणेला उठवल्यावर कर्नलसाहेबांनी मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"पुढच्या शनिवारी पुण्याहून ब्रिगेडियरसाहेब येतायत. मी त्यांना तुमच्या खेळाबद्दल लिहून बसलोय."

"सर."

"आवडला तर खेळ कोर्समध्ये राहील. नाही आवडला तर टेबलाला जाळं लागेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा लेक्चरं. ती सगळी तुम्ही द्यायची."

"सगळी, सर?"

"सगळी. सॅनिटेशनचीसुद्धा."

मी टेबलाशी परत येऊन बसलो. त्या दिवसांत मेसला मासळी द्यायला हिरू तांडेल यायचा. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. पन्नाशीचा, काळाकभिन्न, बोलणं कमी. मासळी स्वयंपाकघरात देऊन तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी लाल सोंगटी खाडीच्या पलीकडे सरकवत होतो.

"यो निला पट्टा काय हाय, सायेब?"

"खाडी. धरमतरची."

"न् ही लाल करवंटी?"

"आठशे शिपाई. होड्यांतून पलीकडे चाललेत."

"तिथी कंची?"

"युद्धात तिथी नसते, तांडेल."

"मंग पानी बी नसंल."

मी मान वर केली. तो अगदी गंभीर होता.

"सुकतीला पानी उतारलं का थय होरी न्हाय चालत. तुमचं आठशे लोक चिखलान बसतील, कमरंपातूर. न् बसतील तं उठनार न्हायत."

मी पुण्याचा. आमच्या नदीला भरती येत नाही. खेचर किती गवत खातं हे मी तोळ्यापर्यंत काढलं होतं, आणि दिवसातून दोनदा जिचं पाणी निघून जातं ती खाडी मी निळ्या रंगाने रंगवून मोकळा झालो होतो. खिडकीतून समुद्र दिसत होता. मी रोज त्याच्याकडे बघून नियम लिहीत होतो.

"भरती कधी येते ते कळतं कसं?" मी विचारलं.

"तिथीची पाऊनपट करायची. तीनान् गुनायचं, चारान् भागायचं. तितकं वाजले का पानी पुरं भरलं."

"एकादशीला?"

"सवाआठ." माझी पेन्सिल कागदाला लागायच्या आत.

मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही, पण सोंगटी हातात घेतली. मी म्हटलं, समजा तुम्ही लाल फौजेचे सेनापती. पेणला जायच्या दोन वाटा. खाडी ओलांडलीत तर एका भरतीत पलीकडे. रस्त्याने नागोठण्यावरून वळसा घेतलात तर दोन दिवस. आता खाण्याचं गणित असं, की पान सतरावर...

"सायेब, मी दर्यावं निघतो तवा तीन गोष्टी इचारतो. पानी किती, वारा कुठचा, मानसं किती. तुमचा कागूद वाचत बसलो तं मासली दुसराच नेल."

एवढं बोलून तो टोपली उचलून गेला. मला जरा राग आला होता, कारण त्याचं बरोबर होतं. खेळणाऱ्याला गणित नको असतं, पेच हवा असतो. खाडी की रस्ता? जवळची वाट भरवशाची नाही, भरवशाची वाट लांबची. हा पेच माझ्या नकाशात पहिल्यापासून होता. मीच त्यावर चौसष्ट पानांचं पांघरूण घातलं होतं.

मग मी कापाकापी सुरू केली. खेचरं गेली. त्याऐवजी एकच प्रश्न: ह्या पलटणीपासून मागच्या तळापर्यंत मोकळा रस्ता आहे का? असेल तर ती चालते, नसेल तर थांबते. सायकलही गेली. सोंगट्या पालथ्या ठेवायच्या, म्हणजे समोरच्याला कुठली खरी पलटण, कुठला तोफखाना आणि कुठली नुसती हूल ते कळू नये. एक डाव तीन तासांचा. दिवसाचे चार डाव आणि रात्रीचा एक. आणि दोन्ही बाजूंना सात सात सोंगट्या असल्या तरी एका डावात हुकूम तिघींनाच.

"तिघींनाच का?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"सर, खऱ्या हेडक्वार्टरमध्ये तरी सगळ्यांना हुकूम वेळेवर मिळतात का?"

आठवड्यात ते पहिल्यांदा हसले. "हे ब्रिगेडियरसाहेबांसमोर बोलू नका."

नियम चार पानांत बसले. चौथ्या पानावर तिथीची पाऊणपट. बुधवारी चाचणीचा खेळ झाला. दोन कॅप्टन एका पुलावरून इतके भांडले की जेवायला यायचं विसरले. राणे जागा होता. एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तो मला नागोठण्याचा रस्ता कसा अडवायचा ते समजावत होता, आणि हातातला पाव त्याने पलटण म्हणून वापरला.

शनिवारी ब्रिगेडियरसाहेब आले. उंच, मिशा पांढऱ्या. बोलणं इंग्रजीत, मी मराठीत सांगतो. चार पानं त्यांनी उभ्याउभ्या वाचली.

"खेळ बघून कळत नाही. मी लाल घेतो. निळा कोण?"

सगळ्यांनी छताकडे पाहिलं. राणेला तेवढंही सुचलं नाही, तो समोरच बघत राहिला. म्हणून तो निळा झाला. मी अंपायर.

खेळातलं युद्ध एकादशीला सुरू झालं. पहिल्याच सकाळी सहा वाजताच्या डावात ब्रिगेडियरसाहेबांनी एक पलटण होड्यांतून पलीकडे टाकली. भरती सव्वाआठची, पाणी भरपूर. झकास उतरली. मग चार दिवस त्यांनी नागोठण्याच्या रस्त्यावर हूल उठवली. राणे तिकडे पळाला, परत आला, पुन्हा निम्मा पळाला. मधल्या वेळात चहा आला तो कोणी घेतला नाही. पाचव्या दिवशी पहाटे ब्रिगेडियरसाहेबांनी ब्रिगेडमधल्या उरलेल्या दोन्ही पलटणी खाडीकाठी आणल्या आणि हुकूम दिला: सहा वाजता, त्याच जागी, त्याच होड्या.

पाचवा दिवस म्हणजे पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी पाचला पूर्ण ओहोटी, सहाला नुसता चिखल.

राणेचे कान लाल झाले होते. कर्नलसाहेब माझ्या मागे उभे होते. ते वाकून कानाशी पुटपुटले, "देवस्थळी, थोडं पाणी घाला."

"सर, घालता येत नाही. पौर्णिमा आहे."

"वर्षभर सॅनिटेशन, देवस्थळी."

"हो सर."

खोटं सांगणार नाही, मोह झाला. अंपायरच्या हातात असतं. वारा होता, थोडं पाणी राहिलं होतं, असं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण समोर राणे होता. चार दिवस फसत फसत त्याने दोन तोफखाने खाडीसमोर दडवून ठेवले होते, कारण चौथं पान त्याने वाचलं होतं.

"अंपायर, हाऊ मच वॉटर?" ब्रिगेडियरसाहेबांनी विचारलं.

"नो वॉटर, सर. मड."

त्यांनी चौथं पान उचललं. ओठ हलवत, बोटांवर मोजत गणित केलं. मग मान वर करून राणेकडे पाहिलं. राणेने दोन पालथ्या सोंगट्या उलटल्या. दोन्ही तोफखाने.

"सापडला!" राणे ओरडला, आणि मग त्याला आठवलं की समोर कोण आहे. "सर," तो म्हणाला.

ब्रिगेडियरसाहेबांनी दोन्ही लाल पलटणी स्वतःच्या हाताने उचलून टेबलाच्या कडेला ठेवल्या.

"गाढव," ते म्हणाले.

राणे पांढरा पडला. मीही पडलो.

"मी. पाचवा दिवस उजाडला आणि मी घड्याळ पहिल्या दिवसाचं धरून बसलो." त्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली. "यंग मॅन, बसा. पुन्हा मांडा. ह्या खेपेला मी मुकाट्याने नागोठण्याच्या रस्त्याने जाणार आहे."

ते त्या रस्त्याने गेले नाहीत. दुसऱ्या खेळात ऐन भरतीला खाडी ओलांडून तिसऱ्या दिवशी त्यांनी पेण घेतलं. राणेची अर्धी फौज तेव्हा नागोठण्याला त्यांची वाट बघत होती. जेवण गार झालं. कर्नलसाहेब मला काही बोलले नाहीत, फक्त जाताना टेबल-टेनिसचं जाळं कपाटात टाकून कुलूप लावलं.

खेळ कोर्समध्ये राहिला. मी पुढे बरेच खेळ तयार केले, त्यांतले काही पुन्हा भयंकर झाले. पण तेव्हापासून खेळ कसा झाला हे मी जिंकणाऱ्याला विचारत नाही. त्याला काहीही आवडतं. हरलेल्याकडे बघतो. तो नियमांना शिव्या देत असेल तर कागद फाडावेत. स्वतःला शिव्या देत सोंगट्या परत मांडत असेल, तर अंपायरने तोंड मिटून बाजूला व्हावं.