बर्फ मोजणारी वहिनी

वहिनी शेवटची भेटली ती पालीला, माझ्या घरी. गर्दी नको म्हणून मुद्दाम आठवड्याच्या मधल्याच वारी आली होती. गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही बाहेर पडलो, तर ती दुर्वा विकणाऱ्या बाईसमोर थांबली आणि म्हणाली, "संध्याकाळी उरलेल्या दुर्वांचं काय करता हो?" बाई म्हणाली, "शेळीला घालते." मग शेळी दूध किती देते, तिला विकतचा चारा लागतो का, असं दोघींचं बराच वेळ चाललं आणि मी चपला घालून ताटकळत उभी. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी भाच्याचा फोन आला. "आत्या, आई गेली..." झोपेतच हृदय थांबलं होतं. पन्नाशी नुकती कुठे ओलांडली होती. पालीहून अलिबागला पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर काही केल्या ती न पाहिलेली शेळीच येत राहिली. मन कुठे अडकेल, सांगता येत नाही.

माझ्या दादाचं अलिबागेत सिमेंट-पत्र्याचं दुकान. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा बी.कॉम. होती, चांगल्या मार्कांनी. पण त्याचं पुढे काही करावं असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही, तिच्याही नाही. दुकानाचे हिशेब बघायला एक वयस्क सल्लागार घरी येत. एकदा चहा देताना तिने विचारलं, "काका, घसारा म्हणजे नक्की काय?" ते म्हणाले, "तुमचा टेम्पो दरवर्षी थोडा झिजतो. तेवढी त्याची किंमत कागदावर कमी करायची." ती म्हणाली, "आणि कागदावरची किंमत संपल्यावरही तो चालतच राहिला तर?" काका हसले. "वहिनी, तुम्ही आता सीए व्हा." ते थट्टेने म्हणाले होते. तिने मात्र कप उचलता उचलता विचारलं, "त्यासाठी काय करावं लागतं?"

मुलगा तेव्हा दहावीत होता आणि वहिनी चाळिशीला टेकलेली. पदवी असल्यामुळे पहिली पायरी गाळून थेट पुढच्या परीक्षेला बसता येतं, एवढं तिने शोधून काढलं होतं. दादा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे नाराजी, हे घरात सगळ्यांना ठाऊक. माझ्या आईने मात्र सरळ विचारलं, "या वयात पास होऊन तुला मिळणार काय?" मला वाटलं, वहिनी पैशाचं सांगेल, मानाचं सांगेल. ती म्हणाली, "आई, लोकांची दुकानं आतून बघायला मिळतील." हे उत्तर आईला काय, मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

कळलं ते आर्टिकलशिपच्या काळात. सीए व्हायचं तर एखाद्या सीएच्या हाताखाली काही वर्षं काम करावंच लागतं. वहिनीचे सर तिच्याहून बरेच लहान. ते तिला मॅडम म्हणत आणि ही त्यांना सर. बरोबरची मुलं आधी काकू म्हणायची, मग ताई म्हणू लागली. मार्चअखेरीला एका बर्फ कारखान्यातला साठा मोजायला तिला पाठवलं. दादाचा स्वेटर घालून ती त्या थंड खोलीत लाद्या मोजत होती. मालक म्हणाला, "मॅडम, बर्फ हाय. मोजेपर्यंत थोडा जाणारच." तिने विचारलं, "थोडा म्हणजे किती?" ते कुणीच कधी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले, तर दुपारच्या वेळी मोरीत बर्फाच्या लादीचा एक मोठा तुकडा, शेजारी ताणकाटा, आणि पाटावर वहिनी. समोरच्या पाटावर आई. वहिनी मध्येच तुकडा काट्याला लावून वजन टिपून घेत होती. मी विचारलं, "हे काय चाललंय?" आई म्हणाली, "गप्प बस जरा." थोड्या वेळाने ती स्वतःच उठली आणि कोंड्याचं पोतं घेऊन आली. "आता हा पसरून बघ गं. याने कमी वितळतो का ते तरी कळेल." त्या दिवसापासून आईने परीक्षेबद्दल वाकडा शब्द काढला नाही. वहिनी कामावरून आली की आई पाण्याचा पेला हातात द्यायची आणि विचारायची, "आज कुठे गेली होतीस?"

शेवटची परीक्षा मात्र काही केल्या सुटेना. पनवेलला जाऊन पेपर द्यायचे, निकालाची वाट बघायची आणि पुन्हा पुस्तकं काढायची. एका निकालानंतर दादा म्हणाला, "पुरे आता. कुणी काही म्हणणार नाही तुला." ती म्हणाली, "सोडते. पण मी कुठे चुकते, ते मला अजून कळलेलं नाही. तेवढं कळू दे." तिने आपल्या उत्तरपत्रिकांच्या प्रती मागवल्या आणि त्रयस्थाच्या असाव्यात तशा वाचल्या. चूक उत्तरात नव्हतीच. विचारलं असेल त्याच्या दुप्पट ती समजावून सांगत होती आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचतच नव्हती. हे ऐकून दादा पहिल्यांदा मोठ्याने हसला. मग दर रविवारी तो घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसायचा. "थांब. पुढचा प्रश्न." सिमेंट विकणारा माझा भाऊ असा परीक्षक झाला... आणि वहिनी पास झाली. निकाल कळला तेव्हा त्याने भर दिवसा दुकानाचं शटर ओढलं. आई म्हणाली, "आता कुणाच्या दुकानात शिरणार आहेस?"

कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिने छोटं ऑफिस थाटलं. सुक्या मासळीचा एक मोठा व्यापारी, दादाचं जुनं गिऱ्हाईक, बँकेच्या कर्जासाठी दाखला मागायला आला. गोदामात अमुक इतका माल आहे असा. वहिनी म्हणाली, "बघायला कधी येऊ?" तो म्हणाला, "पावसाळ्यात गोदाम उघडलं की माल सर्दावतो. तुम्ही सही द्या." "मग ऊन पडलं की येते," वहिनी म्हणाली. तो उठून थेट दादाच्या दुकानात गेला. त्याच्या नव्या बंगल्याचं सगळं सिमेंट दादाकडून जायचं होतं. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सीए ती आहे. मी सिमेंटवाला." ती ऑर्डर गेली, तो माणूसही गेला, पुन्हा आला नाही. त्या वर्षी दुकानाला ते चांगलंच जाणवलं. पण मग कोळीवाड्यातल्या, मासळी सुकवून विकणाऱ्या बायका ऑफिसात येऊ लागल्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली होती, "जी बघितल्याबिगर सही करत न्हाय, तिच्याकडंच जायचं." वहिनी त्यांचे कागद करायची, पण आधी त्यांच्या वाळवणीवर जाऊन यायची. बोंबील कुठल्या वाऱ्यात लवकर सुकतो, हे ती मला फोनवर सांगायची. मी शाळेत भूगोल शिकवला, पण वाऱ्याची इतकी चौकशी कधी केली नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर मी दादाकडेच राहिले. आमची मावशी खाडीपलीकडे राहते, थकली आहे, तिला येता आलं नव्हतं. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही दोघं आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या बोटीत बसलो. बोट सुटली, आणि दादा एकाएकी उठून सुकाणूवरच्या माणसाजवळ गेला. "ही रिकामी परत येते, तेव्हा डिझेल कमी लागतं का हो?" उभ्या जन्मात त्याने परक्या माणसाला असलं काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. तो माणूस खुलला, हातवारे करून भरतीचं, ओहोटीचं, वाऱ्याचं सांगू लागला. दादा मन लावून ऐकत होता, मान हलवत होता. मग माझ्याजवळ येऊन बसला.

"मिळालं उत्तर," तो म्हणाला. "आता घरी जाऊन सांगू कुणाला?"

"मला सांग," मी म्हटलं.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि दिघी येईपर्यंत तो मला ओहोटी समजावून सांगत होता.