साहेबांच्या आधी पिराजी

आमदार विजयसिंह साहेब गावात पोचायच्या अर्धा तास आधी तिथं पिराजी पोचलेला असायचा. हार, फेटे, हलगी बघायला माणसं रग्गड होती. पिराजी बघायचा संडास. साहेबांचे गुडघे बदललेले, उकिडवं बसता येत नव्हतं. म्हणून गावात कमोड कुणाकडं आहे, दाराला कडी आहे का, टाकीत पाणी आहे का, सगळं त्याच्याकडं. मी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर, त्यामुळं हा कारभार मला ठाऊक.

हसू नका. साहेब ज्याच्या घरी संडासला गेले, तो गावात पुढारी झाला. नेसरीकडं एकानं घराला गिलावा करायच्या आधी कमोड बसवला. साहेब तिथं पाच मिनिटं बसून आले आणि गडी सोसायटीत बिनविरोध! आपल्या लोकांपुढं हात टेकले.

साहेब बाहेर आले की पिराजी आत जायचा. त्या घरच्या बायकांना काही साफ करायला लागू नये, ही त्याची रीत. गडमुडशिंगीच्या या माणसानं वीस वर्षं हे केलं आणि चारचौघांत कधी चकार शब्द काढला नाही.

गेल्या विधानसभेच्या प्रचारात नेसरीजवळच्याच एका घरी तो आत गेला तो लवकर बाहेर येईना. आला तेव्हा चेहरा पांढराफटक. कमोडमध्ये रक्त होतं, आणि थोडंथोडकं नव्हे.

गाडीत तो म्हणाला, "साहेब, रगात पडालंय. डॉक्टरला दाखवाय पायजे."

साहेब खिडकीतून लोकांना हात करत होते. हात करतच म्हणाले, "मूळव्याध हाय. त्वांड उघडायचं न्हाय. आजारी माणसाला कोण मत देतंय? आणि संयोगिताला तर अजिबात कळता कामा न्हाय."

संयोगिता म्हणजे त्यांची एकुलती लेक. स्वतः डॉक्टर.

मग पिराजी रोज बघायचा आणि रोज पाणी सोडायचा. मीही ऐकलं होतं. मीही गप्प बसलो.

साहेब निवडून आले, गुलाल उधळला. मग शपथविधी होऊ दे, अधिवेशन होऊ दे, असं करत महिने गेले. उन्हाळ्यात साहेब गेले. आतड्याचा कॅन्सर.

तेव्हापासून पिराजीला घरच्या संडासात पाणी सोडवत नाही. हात लावला की आत साहेब खाकरतात, म्हणतो. भर दुपारीही दार उघडं ठेवून बसतो. त्याची बायको विठाबाई मागून बादली ओतते. तिनं नारळ उतरवला, अंगारा लावला. भूत असतं तर गेलं असतं.

परवा संयोगिताताई वर्षश्राद्धाचं सांगायला त्याच्या घरी आल्या. मी गाडी घेऊन सोबत होतो. चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "पिराजीकाका, आबांना बरेच महिने रक्त जात असणार. मला वेळेत कळलं असतं तर वाचले असते ते. तुम्हाला कधी काही दिसलं होतं का?"

पिराजीनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"न्हाय, ताईसाब."

ताईंनी डोळे पुसले, त्याचा हात धरला. "मला माहीतच होतं. तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं."

त्या बाहेर पडल्यावर मी त्याला शिवी हासडली. "खोटं कशाला बोललास रं?"

पिराजी उंबऱ्याकडं बघत म्हणाला, "म्या कुठं बोललो? साहेब बोलले की."